फुसाएसाठी सासादांगो

१८ जून १९६१, निइगाता

फुसाए,

तुझं पत्र काल दुपारी आलं. टपालवाला दारात उभा राहून पाकीट उलटंसुलटं करून बघत होता, म्हणून मी ओल्या हातांनीच बाहेर गेले. "उत्तर कोरियाहून आहे," तो म्हणाला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तू बोटीत बसलीस त्याला वर्ष होऊन गेलं. मधल्या काळात आम्ही काय काय मनात आणलं ते लिहीत बसत नाही.

आईची नजर अधू झाली आहे, म्हणून मी मोठ्याने वाचलं. चोंगजिनला तुम्हाला दोन खोल्या मिळाल्या, जमीन खालून उबदार असते, तुझ्या कांगला कारखान्यात काम लागलं, इथल्यासारखं त्याला कोरियन म्हणून कोणी दारातून परत पाठवत नाही, हे सगळं आईने मान खाली घालून ऐकलं. शेवटी तू लिहिलं आहेस, 'आईला विचारून सासादांगो कसे करायचे ते कळव.' तिथे तिने मला थांबवलं.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"बघ," आई म्हणाली, "एवढी वर्षं घरात होती, जूनमध्ये पीठ मळायला हाक मारली की हिचं डोकं दुखायचं. खायला मात्र पहिल्या घाण्याला हजर. आता समुद्र ओलांडल्यावर विचारतेय. लिही त्या कार्टीला, पीठ किती घ्यायचं ते आईला नाही, हाताला विचारायचं असतं."

असं म्हणून पुढे तासभर सांगत बसली. ती बोलली तसंच लिहिते.

योमोगीचा पाला कोवळा असतानाच खुडायचा, शेंड्याची पानं फक्त. चिमूटभर सोडा घालून उकळायचा, पाणी बदलत भिजत ठेवायचा आणि कडूपणा गेला की पिळून खलात कुटायचा. पीठ चिकट तांदळाचं जास्त, साध्या तांदळाचं थोडं. गरम पाण्याने मळायचं. कानाच्या पाळीइतकं मऊ झालं की झालं. ("स्वतःच्या कानाला हात लावून बघ म्हणावं, नवऱ्याच्या नको.") पाला त्यात घालून पुन्हा मळायचं, सगळं हिरवंगार व्हायला हवं, पट्टे दिसले तर हात आळशी आहे असं समजायचं. लाल चवळीचं पुरण गार करून आत भरायचं. गोळा डोंगरातल्या सासा बांबूच्या रुंद पानांत गुंडाळायचा, गवताच्या दोरीने दोन्ही टोकं बांधायची आणि मध्ये कंबर आवळायची. वाफवून झाले की जुड्या करून काठीला टांगायचे. "गरम असताना सोडला तर पीठ पानाला चिकटतं. तेवढी कळ तिला निघायची नाही, पण लिही."

बाबा होडीच्या कामावरून आले होते आणि आमच्याकडे पाठ करून बसले होते.

"कोणाची शिकवणी चाललीय?" त्यांनी विचारलं.

"मिसाओची," आई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली.

"तिला येतं की."

"विसरलीय."

 बाबा उठून मात्र गेले नाहीत. तुझं नाव अजून घरात घ्यायचं नाही, ते आहे तसंच आहे. तू त्या कोरियन माणसाबरोबर गेलीस त्या दिवशी त्यांनी दाराला आतून कडी लावली होती, ती कडी मी काढली होती आणि आम्ही दोघी बंदरावर आलो होतो, हे तुला माहीत नसेल. आईकडे दांगोची जुडी होती. गर्दीत तू दिसली नाहीस. बँड एवढ्या जोरात वाजत होता की हाकही मारता आली नाही.

बोटीवर चढवण्याआधी तुम्हाला सांगितलं होतं ना, तीन वर्षांनी जपानी बायकांना माहेरी येता येईल म्हणून? आई आता त्याच आशेवर आहे.

तुझी ताई


२५ नोव्हेंबर १९६२, निइगाता

फुसाए,

तुझं दुसरं पत्र मिळालं. मुलगी झाली, सुकही नाव ठेवलंत, हे वाचून आईने शेजारीपाजारी सांगून टाकलं. बाबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "कोणाला?" आई म्हणाली, "मांजराला." त्यावर ते बराच वेळ रंधा घासत बसले.

कोपऱ्यावर भंगाराचं दुकान आहे त्या ओक्सुनकाकू परवा भेटल्या. त्यांचा थोरला मुलगाही तुमच्याच सुमारास तिकडे गेला. त्या म्हणाल्या, तिकडे लिहिताना तब्येतीची चौकशी करावी, हवापाण्याचं लिहावं, जास्त खोलात शिरू नये, वाचणाऱ्यांना त्रास होतो. कोण वाचणारे, ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणून थोडक्यात लिहिते.

तू विचारलं आहेस, दांगो मक्याच्या पिठाचे होतात का. साखर नसेल तर काय घालायचं. पीठ सुटत असेल तर कशाने बांधायचं. सासाची पानं नसतील तर कुठली चालतील. पुरण नसेल तर काय करायचं.

मला यातलं एकही उत्तर येत नव्हतं. मला वाटलं आईलाही येणार नाही. पण आईने तुझे प्रश्न दोनदा वाचून घेतले आणि एकेकाचं उत्तर सांगत गेली, न अडखळता. मक्याचं पीठ असेल तर पाणी उकळतं हवं, आणि बांधायला निरेच्या झाडाची आतली साल वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून घालायची, फार घातली तर पोट धरतं. गोडाला काकीच्या झाडाच्या फळाची सालं फेकू नकोस, वाळवून पूड कर. पानं ओकची चालतील, कोवळी घे. पाला नुसता योमोगीचाच हवा असं नाही, कडू नसलेला कुठलाही पाला पिठाला पुरवठ्याला येतो.

"आणि पुरण नसेल तर?" मी विचारलं.

"तर तसेच बांध म्हणावं," आई म्हणाली. "पान सोडेपर्यंत तरी वाटतं, आत काही आहे."

मी विचारलं, तुला हे सगळं कुठून ठाऊक. तर ती डोंगरातल्या गावात लहान होती तेव्हा एका वर्षी भात आलाच नाही म्हणे. तिची एक बहीण होती, हेही मला या वयात पहिल्यांदा कळलं. उत्तरं सांगून झाल्यावर आई मागच्या अंगणात गेली आणि वाळत टांगलेले मुळे उगाच इकडचे तिकडे करत राहिली. जेवायला हाक मारली तरी लवकर आली नाही.

सोबत पार्सल पाठवते आहे. चिकट तांदळाचं पीठ, साखर, चवळी, वाळवलेली पानं आणि सुकहीसाठी फलाटीनची दोन झबली. आई म्हणते, "पानं तासभर कोमट पाण्यात ठेव, नाहीतर तडकतील. तुला कशाची घाई असते कोण जाणे."

इथे थंडी पडली आहे. तुमच्याकडेही पडली असेल. आम्ही सगळे बरे आहोत.

तुझी ताई


९ जुलै १९६४, निइगाता

फुसाए,

आम्ही सगळे जिवंत आहोत, हे आधी लिहिते. तुमच्या रेडिओवर इथल्या भूकंपाचं काही सांगितलं की नाही, माहीत नाही.

त्या दिवशी सकाळी आम्ही दांगोच करत होतो. गेल्या वर्षीपासून आई जूनमध्ये एक जुडी वेगळी बांधून बंदरावर नेते. तुमच्याकडे जाणारी बोट आपल्याच गावातून सुटते, दोन दिवसांत पोचते, पानातला दांगो तेवढा टिकतो, असा तिचा हिशेब. गेल्या वर्षी तारेच्या कुंपणापाशी तिला एक मुलगी भेटली, तुझ्यासारखीच, कोरियन नवरा, कडेवर पोर. आईने जुडी तिच्या हातात दिली आणि तुझा पत्ता तीन-तीनदा सांगितला. ती मुलगी म्हणाली, "आजी, मला माझाच पत्ता अजून माहीत नाही." पण जुडी घेतली. तुला मिळाली का, आई अजून विचारते. तुझ्या पत्रात त्याचं काही नव्हतं.

तर यंदाची जुडी काठीला टांगलेली होती आणि आम्ही जेवायला बसणार, एवढ्यात जमीन हलली. हलणं थांबल्यावर आम्हाला वाटलं सुटलो, तेव्हा अंगण फाटलं आणि त्यातून काळं पाणी आणि वाळू वर यायला लागली, उकळत्या भातासारखी. घर नदीच्या अंगाला बसत गेलं. पलीकडे तेलाच्या टाक्या पेटल्या, त्या पुढे कितीतरी दिवस जळत होत्या, धुण्यावर काजळी बसायची. काठी पडली. दांगो त्या काळ्या पाण्यात तरंगत गेले, बांधलेले, एकही सुटला नव्हता.

आता आम्ही शाळेत राहतो. बाबांनी घर सगळीकडून फिरून पाहिलं आणि म्हणाले, "होडी अशी कलली की मी सोडून देतो." पालिकेकडून टेकडीजवळ खोली मिळते आहे. पण आई हलायला तयार नाही. रोज सकाळी शाळेतून उठून त्या वाकड्या घराच्या पायरीवर जाऊन बसते.

"इथे राहून काय करणार आहेस?" बाबांनी विचारलं.

"पत्रं इथे येतात."

"टपालवाला काय आंधळा आहे? घर पडलं हे त्याला दिसेल."

"दिसेल म्हणून तर परत पाठवेल," आई म्हणाली. "आणि एकदा परत गेलेलं पत्र तिकडचे लोक तिला पुन्हा लिहू देतील का?"

 दुसऱ्या दिवशी बाबा देवदाराची चांगली जाड फळी घेऊन आले, होडीला वापरतात ती. त्यावर त्यांनी नवा पत्ता कोरला, लिहिला नाही, कोरला, आणि अक्षरांत डांबर भरलं. ती फळी खांबाला ठोकली, लांब खिळ्यांनी. मी तिथेच उभी होते. मला म्हणाले, "टपालवाल्याला सोपं पडावं." तुझं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही. पण त्या खांबाला चार खिळे पुरले असते आणि त्यांनी किती ठोकले ते मी पाहिलं.

आई खाली उतरली आणि आम्ही सामान हलवलं.

तीन वर्षं म्हणाले होते, ती गेल्या साली भरली. आईने तुझी गादी उन्हात टाकली होती. यंदा गादी वाळूखाली गेली. तुला केव्हा येता येईल ते कळलं तर कळव. विचारण्यात चूक होत असेल तर विचारलं नाही असं समज.

नवा पत्ता पाकिटामागे मोठ्या अक्षरात लिहिला आहे.

तुझी ताई


३ मे १९७१, निइगाता

फुसाए,

तुझं पत्र चार वर्षांनी आलं. तुम्हाला चोंगजिन सोडून डोंगराकडच्या गावात पाठवलं, तिथली हवा चांगली आहे आणि कांग खाणीवर कामाला आहे, हे वाचलं. पार्सलं मिळतात म्हणून तू आभार मानले आहेस. मधल्या काळात पाठवलेली सगळी मिळाली, हे वाचून जिवाला बरं वाटलं. तू मागितलेली औषधं, दोरा, सुया आणि मनगटी घड्याळ याच आठवड्यात रवाना करते.

एक वाईट बातमी आहे. बाबा एकोणसत्तरच्या शरद ऋतूत गेले. दोन दिवस ताप आला, एवढंच. शेवटपर्यंत शुद्धीवर होते. त्यांना आपल्या देवळाच्या बाजूला जागा मिळाली.

आई बरी आहे. तुझी खूप आठवण काढते. तिने सांगितलं आहे, जिवाला जप, थंडीत बाहेर फिरू नकोस, मुलांना पोटाशी धर. तू समजूतदार आहेस, सगळं नीट करशील, अशी तिला खात्री आहे. तिच्या हाताला आता कंप आहे, म्हणून दांगो मीच करते आणि ती शेजारी बसून बघते. छान झालेत म्हणते.

इथे टेकडीवर योमोगी भरपूर आला आहे.

तुझी ताई


२१ जून १९९८, निइगाता

फुसाए,

हे पत्र मी टाकणार नाही. म्हणून पहिल्यांदाच मनातलं लिहिते आहे.

तू इथे येऊन गेलीस त्याला चार-पाच महिने झाले. कार्यालयातून फोन आला होता की उत्तर कोरियातल्या काही जपानी बायकांना आठवडाभर माहेरी आणणार आहेत, यादीत फुसाए कांग असं नाव आहे, त्या आपल्या कोण.  माझ्या नवऱ्याने, तोकुजीने, माझ्या हातातून फोन घेऊन सांगितलं, "हिची बहीण." तेव्हा ते जिवंत असते तर, असं बाबांबद्दल मनात आलं, आईबद्दल नाही. आईबद्दल तुला काय सांगायचं, याचीच मला धास्ती होती.

गाडीतून उतरलीस तेव्हा मी दुसऱ्याच बाईकडे बघत होते. तू माझ्यापेक्षा लहान, आणि मला वाटलं ही कोणाची तरी सासू सोबत आली आहे. मग तू बोललीस, आणि मला आईच ऐकू आली. गावची ती जुनी बोली इथे आता कोणी बोलत नाही. टीव्ही आल्यावर सगळे सारखेच बोलायला लागले. तू मात्र साठ साली बोलायचीस तशीच बोललीस. "ताई, घर उंचावर आलं की गं."

तुझ्याबरोबर तिकडूनच आलेल्या दोन बायका होत्या, एकसारखे कोट घातलेल्या. त्यांच्यासमोर तू बैठकीत ताठ बसून म्हणालीस, "तिथे आम्हाला कशाची कमी नाही. सरकार सगळ्यांची काळजी घेतं." वाक्य संपल्यावर तू त्यांच्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "हो ना, पत्रात लिहितेस की." मीही त्यांच्याकडेच बघितलं.

मग मी म्हणाले, दांगो करूया. योमोगी उकळून फ्रीजमध्ये ठेवलेला होता, पानंही होती. त्या दोघी स्वयंपाकघराच्या दारात खुर्च्या घेऊन बसल्या. तुझे हात पिठात गेले आणि मला कळेना, हे हात पीठ ओळखतात की घाबरतात. तू पुरण एवढंएवढंसं घेत होतीस, वाटाण्याइतकं.

"अगं, भर की," मी म्हटलं. "सगळं पातेलंभर आहे."

"सवय," तू म्हणालीस.

पहिला घाणा चढवला आणि मी वरचा पंखा लावला. तो जुना आहे, ट्रॅक्टरसारखा वाजतो. तोकुजीला बदलायचा होता, मी बदलू दिला नव्हता, आळस म्हणून. त्या आवाजात तू पानं पुसता पुसता, वर न बघता विचारलंस, "आई कधी गेली?"

माझ्या हातातली दोरी गळली.

"सत्तरच्या हिवाळ्यात," मी म्हटलं. "तुला कोणी सांगितलं?"

"तूच. पत्रात आई गोड बोलायला लागली." तू हसलीस, तेव्हा दिसलं की पुढचे दात नाहीत. "आपली आई मला समजूतदार म्हणेल होय?"

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं. न विचारता दोन-चार वर्षं जास्त राहिली."

मग मी सगळं सांगितलं, जेवढं पंख्याच्या आवाजात सांगता येतं तेवढं. शेवटच्या आजारपणात ती तुझ्यावरच चिडलेली होती. मी पेज भरवायला गेले की म्हणायची, "तिला आधी वाढ, ती भूक काढू शकत नाही." मी म्हणायचे, ती इथे नाही. "मग कुठे उंडारतेय एवढा वेळ?" हे मी तुला कसं लिहिणार होते? तू ते ऐकून पान पुसत राहिलीस. एकच पान, कितीतरी वेळ.

मग मी पार्सलांचं विचारलं. घड्याळ चाललं का, औषधं लागू पडली का, उगाच, काहीतरी विचारायचं म्हणून.

"पहिली दोन मिळाली, ताई."

"पहिली दोन कुठली?"

"पीठ आणि साखर आली होती ते, आणि त्याच्या पुढचं. मग नाही."

"पण तू दर वेळी लिहायचीस, मिळालं, आभारी आहे."

"लिहायचं असतं," तू म्हणालीस.

त्या वेळी मी पातेल्यावरचं झाकण उगाच उघडलं. वाफ तोंडावर आली ते बरं झालं. एवढी वर्षं मी दर हिवाळ्यात लोकरीचे मोजे विणले, साखर उन्हात घालून कोरडी केली, पानं एकेक करून पुसली, डब्यांना कापड शिवलं. तोकुजी चिडवायचा, तुझी बहीण आता दुकान टाकेल. ते कोणी खाल्लं, कोणी घातलं, देवाला माहीत.

कांगला बहात्तर साली खाणीवरूनच नेलं, हे तू दोन शब्दांत सांगितलंस. कोणी नेलं आणि का, ते तुलाही सांगितलेलं नाही. धाकट्या मुलाचं नाव मला पत्रांतून पाठ होतं, योंगीर. तो गेला. दोन वर्षांपूर्वी, मका संपल्यावर. "त्याला मी बाहेर पाला शोधायला पाठवत होते," तू म्हणालीस, "आणि आईने सांगितलेलं सगळं करत होते. साल, ओकची पानं, सगळं. आईचं सगळं बरोबर होतं. पण सालही संपते."

मी तुझं मनगट धरलं. "थांब इथे. जाऊ नकोस. इथे वर्तमानपत्रवाले आहेत, पोलीस आहेत, मी ओरडेन, कोण काय करणार आहे?"

तू हात सोडवून घेतलास, हळूच, भांडं काढून घ्यावं तसा. "सुकही तिथे आहे. तिची दोन पोरं आहेत. त्यांना मी येईपर्यंत दुसऱ्या घरात ठेवलंय, मी परत यावं म्हणून." मग दाराकडे बघून मोठ्याने म्हणालीस, "वास किती छान सुटलाय, नाही?"

दांगो झाले. नातवंडांसाठी तू जुडी बांधायला घेतलीस, तर दारातल्या दोघींपैकी वयाने मोठी होती ती म्हणाली, खाण्याचं काही नेता येणार नाही. ती काही रागाने म्हणाली नाही. तू जुडी खाली ठेवलीस आणि उभ्याउभ्याच दोन खाल्लेस, पटापट, कोणी काढून घेईल तसे. मी त्या दोघींपुढेही ताटली ठेवली. त्या आधी नको म्हणाल्या. मग खायला लागल्या आणि मान वर करीनात. धाकटीने पानाला चिकटलेलं पीठ दातांनी खरवडून काढलं. मी तिला आणखी दोन दिले. तिच्यावर रागवायचं मी ठरवून ठेवलं होतं, ते काही जमलं नाही.

बूट घालताना तू माझ्या खांद्याचा आधार घेतलास आणि कानाशी बोललीस.

"ताई, माझा जुना एखादा फोटो असेल ना? आईशेजारी ठेव."

"जिवंत माणसाचा फोटो पितरांच्या देव्हाऱ्यात कोण ठेवतं?"

"तिथे मी गेल्यावर माझ्यापुढे कोणी काही ठेवणार नाही. ठेवायला काही नसतं. तू करतेसच जूनमध्ये, एक माझ्यापुढे ठेव. आणि आता पार्सल पाठवू नकोस."

मग सरळ उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "आमच्या नेत्यांच्या कृपेने बहिणीची भेट झाली." गाडीची काच काळी होती. हात केलास की नाही ते मला दिसलं नाही.

वसंतात तुझं एक कार्ड आलं. 'सुखरूप पोचले. घरचे सगळे आनंदात आहेत.' पुढची तुकडी आणणार होते, ते सरकारांचं आपसात बिनसलं म्हणून रद्द झालं. कार्यालयात जाऊन मी चौकशी केली. तिथला तरुण अधिकारी भला होता. म्हणाला, "आजी, एकदा येऊन गेलेल्यांचं नाव पुन्हा यादीत येईल असं मला खोटं कशाला सांगू?"

फोटो मी लगेच लावला नाही. तू मागितलास तरी माझ्याने होईना. आपण जिच्याशी बोललो, जिने आपल्या स्वयंपाकघरात पान पुसलं, तिला उदबत्ती कशी लावायची? तोकुजी म्हणाला, लावू नकोस, अपशकुन असतो. मीही तेच म्हणत होते. पण काल पीठ मळायला बसले आणि पहिला घाणा उतरल्यावर, कोणासाठी काढून ठेवायचा, ते कळेना. बोटी बंद, पार्सल नाही, पत्रही नाही. मग उठले आणि ट्रंकेतून तुझा फोटो काढला, फोटोच्या दुकानात जाऊन काढलेला, नवा किमोनो घातलेला, ओठ घट्ट मिटलेले. आई आणि बाबांच्या मध्ये जागा केली. बाबांना चालेल की नाही, याचा विचार केला नाही. एक जुडी तुझ्यापुढे ठेवली.

आज सकाळी शेजारी नवीन राहायला आलेली सून दांगो शिकायला आली. चांगली मुलगी आहे, टोकियोची. देव्हाऱ्याला हात जोडले आणि म्हणाली, "हे आई-बाबा तुमचे. आणि मधल्या कोण?"

"माझी धाकटी बहीण."

"कधी गेल्या?"

"साठ साली," मी म्हटलं.

"अगं बाई. म्हणजे तरुणच होत्या."

"हो," मी म्हटलं, "तेवीस वर्षांची होती." आणि तिला पीठ कसं मळायचं ते दाखवायला घेतलं.

मिसाओ